मागून आणलेला विस्तव

समोरच्या खोलीत एक मुलगी राहायला आली आहे. दवाखान्यात पहिलीच नोकरी, आईवडील दूर, खोलीत ती आणि एक गादी. परवा मला विचारत होती की एकटीनं घर चालवायचं कसं, पगार पुरवायचा कसा, स्वतःकडे लक्ष द्यायचं कसं. मी जन्मभर एकटी राहिले, तेव्हा या विषयातली मी मोठी पंडित असणार असं तिला वाटतं. मीही मग भाव खाऊन घेतला. पगार हातात आला की आधी धान्य भरावं, नवं लुगडं मागाहून बघावं, असं सांगितलं. तांदळात कडुनिंबाचा पाला घालावा. एकटीपुरतं असलं तरी ताट वाढून, पाटावर बसून जेवावं, कारण उभ्यानं पातेल्यातून खायला लागलेली बाई हळूहळू चहावर येते आणि मग चहावरूनही उतरते. मुलगी हसली आणि गेली. मुख्य गोष्ट सांगायची राहून गेली. ती सांगायला जरा वेळ लागतो.

वर सांगितलेलं शहाणपण माझं नाही, माझ्या आत्याचं आहे. आत्या विधवा होती आणि मीही. नवऱ्याचा चेहरा मला नीट आठवतसुद्धा नव्हता, इतक्या लहानपणी ते सगळं होऊन गेलं. वडील होते तोवर त्यांनी शिकवलं, मास्तरणीचं ट्रेनिंग करू दिलं. ते गेले आणि घर भावाचं झालं. चांदा जिल्ह्यातल्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा भावानं जाऊ दिलं, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. नोकरी सोडून परत आलीस तर पुन्हा बाहेर पडायचं नाव काढायचं नाही. म्हणजे तिथं निभावलं नाही तर पुढचं सगळं आयुष्य वहिनीच्या स्वयंपाकघरात, कोपऱ्यातल्या पाटावर. आत्या तशीच जगत होती. मी निघताना ती माझ्या ट्रंकेपाशी बसली आणि एकेक गोष्ट सांगत गेली. शेवटची सगळ्यांत ठासून सांगितली. कुणाकडे काही मागायचं नाही, मीठसुद्धा नाही. मागितलं की माणूस मिंधं होतं. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

गाव चामोर्शीच्या पलीकडे, जंगलाच्या पोटात. बस जिथवर जाई तिथून पुढे बैलबंडीनं जायचं. तलाव, त्याच्या पाळीखाली धानाची शेतं, कवेलूची, म्हणजे कौलांची, घरं आणि मग झाडंच झाडं. माझ्याबरोबरचे गुरुजी दुसऱ्या गावाहून सायकलनं येत आणि उन्हं कलायच्या आत, वाटेत वाघ भेटू नये म्हणून, घाईनं निघून जात. त्यानंतर मी आणि माझं घर.

आत्याच्या सल्ल्याबरहुकूम मी घर असं टापटीप ठेवलं की ज्याचं नाव ते. चूल सारवलेली, सरपण रचलेलं, बाजारातून आणलेल्या आगपेट्या डब्यात घालून फडताळात. कुणाच्या दारात जायची गरज पडू नये अशी सगळी व्यवस्था होती आणि ती गरज खरंच पडत नव्हती. माझ्याकडेही कुणी येत नव्हतं. पोरं शाळेत यायची, त्यांचे बाप रस्त्यात रामराम घालायचे, बायका विहिरीवर मला वाट करून द्यायच्या आणि मी घागर उचलून वळले की मागे त्यांचं बोलणं पुन्हा सुरू व्हायचं. मी त्याला आदर समजत होते.

रविवार सगळ्यांत वाईट. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सोमवारी हजेरी घेईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे. सोमवारी पहिलं नाव घेताना आवाज घशात खरखरायचा आणि पोरं एकमेकांकडे बघायची. मग मी रविवारी मोठ्यानं पाढे म्हणायला लागले, आवाज गंजू नये म्हणून. एकटा जीव सदाशिव म्हणतात. तो सदाशिव कैलासावर होता, त्याच्याजवळ निदान नंदी तरी होता. मला रडू यायचं आणि रडून झाल्यावर आपण कुणासाठी रडलो हेही कळायचं नाही, कारण आठवण काढावी असं माणूस मागे आत्याखेरीज कुणी नव्हतं.

पावसाळ्यात ते टोकाला गेलं. झड लागली, नाल्याला पूर आला, बाजार बुडाला. डब्यातल्या आगपेट्या सादळल्या. काडी घासावी तर गुल नुसता काळा रेघोटा ओढून गळून पडे. चूल पेटेना. शेजारी जाऊन विस्तव मागणं सोपं होतं, पण ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी पोहे भिजवून खाल्ले, संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी तेच. ओलं लुगडं वाळेना, अंगातली हुडहुडी जाईना. तेव्हा मी ट्रंक ओढली आणि भरायला घेतली. नाला उतरला की पहिल्या बंडीनं निघायचं ठरवलं. वहिनीची चूल तर चूल, ती पेटलेली तरी असेल.

माझी ट्रंक भरून होत होती आणि दारात शेजारीण उभी राहिली. ही ढिवराची बाई, वयानं माझ्या आईएवढी, एकटीच राहायची. नवरा गेलेला, एकुलती मुलगी वैनगंगेपलीकडे दिलेली. पहाटे तलावावर जाऊन जाळं टाकायचं, मिळेल ती मासळी विकायची, असा तिचा दिनक्रम. ती मला बाई म्हणे, मीही तिला बाई म्हणे, आणि तोवर आमचं याहून जास्त बोलणं झालेलं नव्हतं. तिनं डोक्यावर इरलं धरलं होतं आणि पदराआड एक खापर. खापरात राख आणि राखेखाली लाल विस्तव.

ती म्हणाली, "दोन रोज झाले, तुमच्या कवेलूतून धूर नाई निंगाला. काऊन?"

मी आगपेट्या सादळल्याचं सांगितलं. ती आत आली, न विचारता माझ्या चुलीपुढे बसली, खापर उपडं केलं आणि फुंकणीशिवायच अशी फुंकर मारली की माझ्या डोळ्यांत राख गेली. तिचं लक्ष ट्रंकेकडे गेलं होतं, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. तांदूळ शिजत पडल्यावर मग तिनं गावाचं गाऱ्हाणं सांगितलं. त्या आळीत रोज सकाळी कुणी ना कुणी कुणाकडून विस्तव नेतं. ज्या घरातून विस्तव जातो-येतो त्या घराशी बोलणं असतं. ज्याच्याशी भांडण, त्याच्या चुलीशी भांडण. मी आल्यापासून एकदाही कुणाकडे विस्तव मागितला नाही, तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की मास्तरणीला आपला विटाळ होतो.

"आमच्या घरचा इस्तू तुम्हाले चालत नाई, असंच समजून राह्यलो होतो आम्ही," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि मग ते हसू कुठल्या कुठे गेलं. इतके महिने मी ज्याला स्वाभिमान म्हणून जपलं ते त्यांना सोवळं वाटत होतं, आणि त्यांनी जे बिचकून अंतर ठेवलं त्याला मी आदर समजत होते. आत्यानं सांगितलेलं खोटं नव्हतं. भावाच्या घरी मागणारा मिंधा होतो. या गावात न मागणारा परका होत होता.

उठताना ती दारात थांबली. "आगपेटी आणत नोका जाऊ. रोज सकारी माह्याकडे येत जा."

नाला उतरला तेव्हा मी ट्रंक रिकामी केली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आंघोळ झाली की खापर घेऊन तिच्याकडे जायला लागले. पहिले काही दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं होई. भीक मागायला निघाल्यासारखं वाटे आणि मी उगीच जोरात खोकून आपण आल्याची वर्दी देई. ती चुलीतला निखारा चिमट्यानं काढून खापरात टाकी, वर राख सारी. तेवढ्या वेळात जे बोलणं होईल ते. ती काही गोडबोली नव्हती. तंबाखू चघळत असे, अंगाला मासळीचा वास, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यात पटाईत. तुमच्या वरणात पोहता येईल, असं ती एकदा म्हणाली. पण माझा चेहरा उतरलेला असला तर निखारा काढायला ती जरा जास्त वेळ लावी. धानाच्या भुशात निखारा पुरला तर रात्रभर कसा जगतो तेही तिनंच शिकवलं. मी चांगली शिकले, तरी सकाळी खापर घेऊन जायची थांबले नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही.

हळूहळू विहिरीवरच्या बायका मी आल्यावरही बोलत राहू लागल्या. एवढ्यानं एकटेपण गेलं असं म्हणणार नाही. दार लावून घेतलं की ते आत असायचंच. पण दिवसाच्या एका टोकाला कुणीतरी माझी वाट बघत होतं आणि त्या टोकाला धरून मी बाकीचा दिवस ओढून नेत असे. वर्ष गेलं, दुसरंही गेलं.

मग एका हिवाळ्यात मी खापर घेऊन गेले तर दार नुसतं लोटलेलं. मी खोकले, आतून काही आवाज नाही. ती घोंगडीत मुटकुळं करून पडली होती, हिवतापानं दात वाजत होते. चूल गार होती. त्या घरात सकाळची गार चूल मी पहिल्यांदाच बघितली. पेज करून द्यावी म्हणून मी विस्तव शोधला, तो कुठेच नव्हता. माझ्याही घरी त्या दिवशी काही उरलं नव्हतं. म्हणून मी तिच्या कोनाड्यात हात घातला, तर हाताला आगपेटी लागली. चांगली कोरडी, तेलकट फडक्यात गुंडाळलेली. तिच्या शेजारी आणखी एक रिकामी पेटी होती.

मला वाटलं, अडीअडचणीला ठेवली असेल. मी चूल पेटवली, पेज केली, तिला चार घोट पाजले आणि नदीपलीकडे निरोप धाडला. मुलगी आली ती आईला घेऊन जायच्या तयारीनंच. सामान बांधताना मी तिला म्हटलं की तुझ्या आईच्या चुलीवर माझी चूल चालली, रोज सकाळी मला इथूनच विस्तव मिळायचा. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"माय तं सकारी चूल कधीच पेटवत नव्हती," ती म्हणाली. "रातचा भात पान्यात टाकून ठेवे, तोच खाऊन तलावावर जाये. तलावावरून आली का तुमच्यासाठीच पेटवत असंन."

मी बंडीकडे बघितलं. म्हातारी घोंगडी पांघरून बसली होती. तिनं ऐकलं होतं, पण ती दुसरीकडे बघत होती, तंबाखू नसताना तोंड हलवत. तलावावरून ओल्या अंगानं ती लवकर परत येई ती कशासाठी, आणि बाजारात मी आगपेट्या घेणं सोडलं तेव्हा त्या कोण घेत होतं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.   मग ती माझ्या हातातल्या रिकाम्या खापराकडे हनुवटी करून म्हणाली, "आता पल्याडच्या घरी जात जा. तिथली सूनबी एकटीच रायते."

बंडी गेली. उन्हाळ्याच्या तोंडी, मोह वेचायला सगळं गाव रानात असताना, ती नदीपलीकडे लेकीच्या घरी वारल्याची बातमी आली. मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या बंद दाराशी बराच वेळ बसून राहिले आणि खूप रडले. या वेळी कुणासाठी रडतो आहोत हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या सकाळी माझ्या भुशात निखारा जिवंत होता. मी त्यावर पाणी ओतलं, खापर उचललं आणि पल्याडच्या घरी गेले.

त्या गावात मी पुढे पुष्कळ वर्षं काढली. भावाच्या घरी गेले ती सणावारी पाहुणी म्हणून, आणि आत्या गेल्यावर तेही थांबलं. आता चंद्रपुरात गॅस आहे, लायटर आहे, विस्तव मागायला गेले तर लोक मला दवाखान्यात नेतील. म्हणून मी संध्याकाळी समोरच्या मुलीकडे वाटी घेऊन विरजण मागायला जाते. ती ड्यूटीवरून दमून आलेली असते. दार उघडते, चमचाभर दही घालते, आज काय झालं ते सांगते. परवा तिनं विचारलं की काकू, तुमचं दही रोज संपतं कसं? मी म्हटलं, मांजर खातं.

माझ्याकडे मांजर नाही हे तिला ठाऊक आहे. काल मी गेले तर तिनं वाटी आधीच काढून ठेवली होती.