वेगळ्या डबीतलं मॉड्यूल

आमचा दादा संगणक चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या एका वितरणासाठी कर्नलची, म्हणजे तिच्या गाभ्याची, पॅकेजं बांधतो. डिस्कवरच्या फाइली कशा वाचायच्या, हे कर्नलला मॉड्यूल नावाचा छोटा प्रोग्राम सांगतो; डिस्कच्या प्रकाराप्रमाणे मॉड्यूल वेगळं. रोज लागणारी मॉड्यूलं मुख्य पॅकेजात राहतात, क्वचित लागणारी ऐच्छिक पॅकेजात जातात. ही वाटणी दादा करतो आणि त्याचा प्रश्न एकच असतो, "हे आता वापरतं कोण?"

परवा त्याचं उत्तर घरातच मिळालं. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. टेबलावर एका घड्याळाचे साठेक सुटे भाग पसरलेले, ते कुठून निघाले याचे फोटो जुन्या डिस्कवर, आणि बाबांच्या संगणकावरच्या दादाच्याच लिनक्सचं कर्नल अपडेट केल्यापासून डिस्क उघडेना. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं.

दादाने पडद्यावरची चूक दाखवणारी ओळ वाचली. त्याचे कान लाल झाले.

"डिस्क ठणठणीत आहे, बाबा. तिचं मॉड्यूल मीच काढलंय."

"शाब्बास! मी वर्षातून एकदा लागणारा स्क्रूसुद्धा फेकत नाही."

"फेकलं नाही हो, वेगळ्या डबीत ठेवलंय."

"मग डबीवर लिहायचंस की, गाढवा!"

दादाने ऐच्छिक पॅकेज संगणकावर टाकलं, फोटो उघडले. मॉड्यूल काही त्याने मुख्य पॅकेजात परत घेतलं नाही. पण ऐच्छिक पॅकेजाच्या माहितीत आता पहिलीच ओळ आहे: जुनी डिस्क उघडत नसेल, तर हे टाका.