पायाचा ब्रेक, हाताची लाइट

"ब्रेक लाइट लागते," हे नवऱ्याने मला इतक्यांदा आणि इतक्या थंडपणे सांगितलं, की आजही आठवलं तर माझं डोकं फिरतं.

मी सावनेरला शाळेत शिकवते. शहरातल्या महाल भागातल्या घरून मोटरसायकलनेच जाते. मुलीला तिथल्याच एका बँकेत नोकरी लागली, तेव्हापासून ती माझ्या मागे बसते. त्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक धावतात. मागून धडक बसलीच तर आधी कुणाला बसेल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

एका सकाळी गतिरोधक आला म्हणून मी वेग कमी केला, तर मागच्या ट्रकने असा काही करकचून ब्रेक मारला की त्याचे टायर किंचाळले. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मॅडम, पीछे की लाइट तो बनवाओ! मरोगे किसी दिन!"

संध्याकाळी घरी पोचल्याबरोबर नवऱ्याला खाली बोलावलं. तो आला, गाडीच्या बाजूला उभा राहिला, चावी फिरवली आणि हँडलवरचा ब्रेक दाबला. मागे लालभडक लाइट लागली.

"लागून तर राहिली वं! काहून घाबरते? ट्रकवाल्याईचं काय ऐकते तू, अर्धे झोपेतच चालवतात."

माझं समाधान झालं नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्यानेही उभ्या उभ्या हँडलवरचा ब्रेक दाबला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाला, "ओके आहे भाऊ. वहिनीले सांगा, टेन्शन नका घेऊ म्हणा." वहिनी समोर उभी होती. गाडीही वहिनीची होती. तरी निरोप भाऊमार्फत! अंगाचा तिळपापड झाला, पण लाइट डोळ्यांदेखत लागत होती. तशीच घरी आले.

पुढे काही दिवसांनी आम्ही अशाच सकाळी निघालो होतो. ऊन उजवीकडून येत होतं आणि आमची सावली डाव्या अंगाने रस्त्यावरून पळत होती. एका गावाआधी मी ब्रेक दाबला, तर सावलीतून एक हात बाहेर आला. पंजा उघडा, मागच्या गाड्यांकडे धरलेला. मी वेग वाढवला, हात आत गेला. पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा हात बाहेर. मी गाडी कडेला घेतली.

"काय करून राहिली वं तू?"

"मागच्यायले हात दाखवून राहिली. लाइट नाही लागत ना, आई. मी वाकून पाह्यलं."

"अन् मी ब्रेक दाबला हे तुले कसं समजते?"

"तुझा पाय खाली जाते ना."

पाय! तिला मागे उभं करून मी पायाचा ब्रेक दाबला. "नाही लागली." हँडलवरचा दाबला. "लागली." दोन ब्रेक, लाइट लावणारे दोन्हींचे दोन स्विच. हाताचा धडधाकट होता, पायाचा मेलेला होता. आणि मी तर आयुष्यभर पायाच्याच ब्रेकवर गाडी चालवत आले, कारण गाडी शिकवताना नवऱ्याने पहिली ताकीद दिली होती ती हीच: हँडलवरचा, म्हणजे पुढच्या चाकाचा ब्रेक दाबायचा नाही, तोंडावर पडशील. त्याला ती त्याच्या वडिलांनी दिली होती. आमच्या गल्लीत सगळे असेच चालवतात, पुढचा ब्रेक नुसता शोभेला. पण तपासायची वेळ आली की हे शहाणे तोच दाबतात. बाजूला उभं राहून तोच हाताशी येतो ना, पाय कोण उचलणार! जो ब्रेक मला कधी दाबू दिला नाही, तोच दाबून मला खोटं पाडलं. त्या रस्त्यावर उभी राहून मी मोठ्याने शिव्या दिल्या. मास्तरीणबाईंच्या तोंडी न शोभणाऱ्या.

संध्याकाळी थेट मेकॅनिककडे गेले. आता त्याने पायाने दाबून पाहिलं आणि मान हलवली. "स्विच मागवा लागन. तोवर डायरेक्ट करून देऊ का? वायरले वायर जोडतो, लाइट जळतच राहीन."

"जळतच राहिली तर मी ब्रेक कधी दाबला हे मागच्याले काय स्वप्न पडन?" मी गाडी ओढून घेतली आणि नवा स्विच दुसऱ्या दुकानातून आणला.

घरी अंगणात बसून जुन्या स्विचची वायर काढली. तिच्या दोन टोकांना केसातली पिन टेकवली, तशी लाइट लागली. म्हणजे बल्ब ठीक, वायर ठीक, स्विचच गेलेला. आत चिखल आणि गंज. नवा बसवला, त्याची स्प्रिंग पायाच्या ब्रेकला अडकवली, आणि पाय टेकताक्षणी लाइट लागेल इतपत नट फिरवला.

नवरा चहाचा कप घेऊन आला. "एवढुशा स्विचसाठी केवढा तो राग!"

मी पाना आपटला. "पोरीले विचारा, ती रोज रस्त्यावर काय करत होती ते!"

मुलीने सांगितलं. हात कसा धरायची तेही तिने दाखवलं, मान मागे वळवून. नवऱ्याने कप खाली ठेवला.

"मंग तू सांगितलं काहून नाही?" तो तिच्यावरच खेकसला.

"बाबा, तुम्ही म्हटलं होतं ना, लाइट लागते म्हणून," ती म्हणाली. "आईचंच तुम्ही ऐकलं नाही, मंग माह्यं कोणी ऐकलं असतं?"