गिरणीखालचं दार आणि लाल टॅग

आमच्या टीव्हीखालच्या कपाटात एक जाडजूड पुस्तक आहे. त्या पुस्तकात एक गाव आहे, गावात एक गिरणी, आणि गिरणीच्या तळघरात एक दार. ते दार वर्षाहून जास्त काळ बंद होतं आणि ते उघडायचं काम माझ्यावर येऊन पडलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या, चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या माणसाला एका कल्पित दारापुढे घाम फुटावा हे काही शोभत नाही. पण फुटला खरा.

आधी खेळ सांगतो, कारण आमच्या नातेवाइकांना अजून वाटतं की आम्ही रविवारी पत्ते कुटतो. टेबलाभोवती चारेक माणसं बसतात. एक सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार म्हणतो, "समोर नदी आहे, पूल मोडलाय. काय करता?" तुम्ही सांगायचं. जमतं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो, आकडा जितका मोठा तितकं चांगलं. हारजीत नाही, नुसती गोष्ट पुढे जाते. माझी बायको पहिल्यांदा आली ती आम्ही नक्की काय करतो ते बघायला. नंतर तिनं चोराचं पात्र घेतलं, आणि ते तिला इतक्या सहज जमलं की त्या विषयावर मी घरात बोलत नाही.

सूत्रधार माझा मित्र होता. मूळचा बीडकडचा, राहायला रावेतला, माझ्याच डिपार्टमेंटला. कंपनीच्या बसमध्ये वीस वर्षं शेजारची सीट. तो, त्याची मुलगी, माझी बायको आणि मी, असे आम्ही चौघं. दर रविवारी सकाळी, पोहे झाले की, आमच्या निगडीच्या घरात.

आता या खेळाला एक जग लागतं. ते एक तर स्वतः रचायचं, नाही तर परदेशात कुणी रचून छापलेलं विकत आणायचं. यावरून बसमध्ये आमची मोशीपासून निगडीपर्यंत भांडणं चालत. मी स्वतः रचण्याच्या बाजूचा. म्हटलं, "आपल्या मावळात काय कमी आहे? गड आहेत, घाट आहेत, लेणी आहेत."

"मग चालव की राव," तो म्हणाला आणि दोन रविवार खुर्ची मला देऊन मोकळा झाला.

माझं जग दीड रविवार टिकलं. दुसऱ्या रविवारी बायकोनं पहिलाच प्रश्न विचारला, "या गावाला पाणी कुठून येतं?" मी म्हटलं, विहिरीवरून. त्याची मुलगी म्हणाली, "काका, मागच्या वेळी नदी होती."

"आटली."

"एका आठवड्यात?"

त्याच दिवशी, आदल्या रविवारी वारलेल्या राजानं आम्हाला स्वतःच्या हातानं पत्र दिलं. मित्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "राजा मेला तरी ड्यूटीवर हाय! आपल्या कंपनीत शोभंल हा."

पुढच्या रविवारपासून ते पुस्तक आलं.

तयार जगाची बाजू तो मोठ्या प्रेमानं मांडायचा. "हा तयार फ्लॅट हाय बघ. नळ उघडला की पाणी. भिंती हलवायच्या न्हाईत, पण खिळे आपले ठोकायचे." आणि ते खरंच होतं. आठवडाभर सेकंड शिफ्ट करून रविवारी बसलेल्या माणसाला पान उघडलं की शहर मिळे. वेशीचं दार कधी बंद होतं, पहारेकरी कोण, त्याचं कुणाशी वाकडं आहे, सगळं तिथे. आम्ही आडवाटेला शिरलो तरी तिथेही कुणीतरी राहत असायचं. कधीकधी वाटे, आपण सोमवार ते शनिवार इथे नसतानाही ही माणसं आपापली कामं करत असणार. ही त्या पुस्तकाची ताकद. पुढे मला तिचीच भीती वाटायला लागली.

त्या जगातल्या उणिवा त्यालाही दिसत होत्या. एका मोडक्या पुलासाठी तीन राजांचा इतिहास वाचायला लागे. आमच्या तिघांच्या पात्रांना न जमणारं काम डाव्या हाताने करू शकेल असा एक महान जादूगार पलीकडच्याच डोंगरावर बसलेला असे. मग आम्ही कशासाठी धडपडायचं? मित्रानं त्याला कायमचं आजारी पाडलं. खानावळी शंभर, पण अख्ख्या शहरात संडास एक नाही. ही माझ्या बायकोची तक्रार. आणि बर्फ! त्या जगात सहा महिने बर्फ, आणि आमच्यापैकी एकानंही बर्फ पाहिलेला नाही. मग तो सांगायचा, "पॅकिंग सेक्शनच्या दारात वाऱ्यानं थर्माकोलचा चुरा उडतो ना, तसा आभाळातून." आजही लोडिंगच्या दारापाशी पांढरा चुरा उडायला लागला की मी थांबतो. त्या गावात आहोत असं वाटतं.

त्या गावातल्या खानावळवाल्याला त्यानं स्वतःचाच आवाज दिला होता. बाकी सगळ्यांची तो सोंगं काढायचा, खानावळवाला मात्र बीडचा. "या पाव्हनं, काय खानार?"

शेवटच्या रविवारी आम्ही गिरणीच्या तळघरात पोचलो. त्याच्या मुलीचं पात्र म्हणजे एक वैदू बाई. तिनं दारावर हात ठेवला आणि यानं पुस्तक मिटलं. "बाकी पुढल्या रविवारी."

"बाबा, नेहमी असंच करता तुम्ही!" ती खरंच चिडली. जाताना त्याच्याशी न बोलता स्कूटरवर मागे बसली. मी बाल्कनीतून पाहिलं.

गुरुवारी सकाळी चहा पिता पिता तो गेला.

वर्ष उलटून गेल्यावर एका शनिवारी ती पुस्तक घेऊन आमच्याकडे आली. बेंगळुरूला नोकरी लागली होती, महिनाभरात निघायचं होतं. पुस्तक तिनं उघडलेलंही नव्हतं. खेळणाऱ्यानं सूत्रधाराचं पुस्तक वाचायचं नाही हा बापाचा नियम, तो तिनं बाप गेल्यावरही पाळला होता.

"काका, तुम्ही चालवा. मला बाकी काही नको. त्या दारामागे बाबांनी काय ठेवलं होतं तेवढं बघायचंय. मी रुसून गेले होते हो त्या दिवशी."

मी हो म्हटलं. माणूस असल्या वेळी विचार न करता हो म्हणतो.

पुस्तक उघडलं तर समास पेन्सिलीनं भरलेले. त्याचं ते किरटं, शिफ्टच्या लॉगबुकातलं अक्षर. पुलाच्या पानावर माझ्या मनात आलं, पूल लाकडी की दगडी? शेजारी लिहिलेलं होतं : 'हा विचारणार, लाकडी की दगडी. सांगू नये.' मी पुस्तक बंद केलं. जरा पाणी प्यालो. पुन्हा उघडलं. खानावळीच्या पानावर : 'हा जेवण मागणार.' मला तेव्हा भूकच लागली होती. आम्ही कधी गेलोच नाही अशा पानांवरही तो माझ्या आधी जाऊन बसला होता. स्वतःच्या घरात, भर दुपारी, मला मागे वळून पाहावंसं वाटलं. गिरणीच्या पानावर दोनच वाक्यं होती. 'हा घाबरणार. विषय बदलणार.'

त्या पानात खूण म्हणून आमच्या कंपनीचा लाल टॅग घातलेला होता. त्याबद्दल सांगायला हवं. मशीन दुरुस्तीला घेतलं की मेन स्विचला आपलं कुलूप घालायचं आणि वर लाल टॅग लावायचा. टॅगवर आपला फोटो आणि कारण. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. साहेब आला तरी हात लावायचा नाही, कारण आत हात घालून बसलेला माणूस आपल्याला दिसत नसतो. वीस वर्षांत हे अंगात इतकं मुरतं की लाल रंगाचा पुठ्ठा दिसला तरी माझा हात मागे येतो. या टॅगवर त्याचा फोटो होता, जरा रागावलेला, कारण फोटोवाल्यानं हसू नका म्हणून सांगितलेलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'काम चालू आहे.'

दारामागे काय आहे ते पुस्तकात छापलेलं होतं. तीन सांगाडे आणि एक पेटी. त्यावर त्यानं सरळ रेघ मारली होती. बदल्यात काहीही लिहिलेलं नव्हतं.

छापलेलं सांगावं तर त्यानं ते खोडलेलं. मनचं सांगावं तर माझ्या मनातून काय निघतं ते राजाच्या पत्रावरून सगळ्यांना ठाऊक. आणि काहीही सांगितलं तरी ती ते बापाचं म्हणून जन्मभर जपणार.

मग मी तेच केलं जे त्यानं लिहून ठेवलं होतं. पहिल्या रविवारी गावात लग्न काढलं. दुसऱ्या रविवारी बाजार भरवला. तिसऱ्या रविवारी धुकं पाडलं, इतकं दाट की गिरणी सापडेचना. खानावळवाल्याकडे मात्र एकदाही गेलो नाही. त्याचा आवाज मला काढायचा नव्हता आणि दुसऱ्या आवाजात तो बोलला असता तर ते त्याहून वाईट.

तिसऱ्या रविवारी बायकोनं फासा खाली ठेवला. "अहो, तुम्ही आम्हाला त्या दाराकडे जाऊच देत नाही आहात."

"धुकं आहे."

"धुकं तुमच्या डोक्यात आहे."

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काका, शुक्रवारी निघतेय मी. आणि त्या पुस्तकाची नवी आवृत्ती आलीय, बघितलीत? त्या लोकांनी जग शंभर वर्षं पुढे नेलंय. आपल्या गावावर एकच ओळ आहे म्हणे. 'आता येथे कोणी राहत नाही.'"

छापील जगाची ही खोट आमच्या भांडणात कधी आली नव्हती. कुठे तरी परक्या देशात, आपल्याला न ओळखणारा कुणी तरी, एका ओळीत आपला खानावळवाला मारून टाकतो.

मग मी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं आणि टॅग दाखवला. रेघ दाखवली. म्हटलं, "त्यानं काय ठरवलं होतं मला माहीत नाही. आणि त्याचा टॅग मला काढता येत नाही."

तिनं टॅग उलटसुलट करून पाहिला. मग बापासारखीच, कामाचं विचारावं तसं विचारलं, "आणि टॅग लावणारा माणूस परत आलाच नाही, तर कंपनीत काय करतात?"

"त्याची पद्धत आहे. दोन साक्षीदार लागतात. आधी तो आवारात कुठे नाही ना, ते हाका मारून बघायचं. मग त्याला फोन करायचा. मग कुलूप तोडायचं. आणि तो पुन्हा कामावर आला की सगळ्यांत आधी त्याला सांगायचं, तुझं कुलूप आम्ही काढलं."

"मग करा," ती म्हणाली.

बायको खुर्ची ओढून जवळ बसली.

"मी गिरणीत हाक मारते," मुलगी म्हणाली. "मोठ्यानं. सगळ्या मजल्यांवर."

सूत्रधारानं उत्तर द्यायचं असतं. या खेळात मी राक्षसांच्या तोंडची वाक्यं म्हटली आहेत, पण यापेक्षा जड वाक्य मला कधी बोलावं लागलं नव्हतं. "कोणी ओ देत नाही."

मग तिनं फोन घेतला आणि खरोखरच त्याचा नंबर लावला. रिंग गेली. तिची आई तो फोन रोज चार्जिंगला लावते, पण उचलत नाही. आम्ही तिघं ती रिंग संपेपर्यंत ऐकत बसलो. ती संपली तेव्हा खालच्या भाजीवाल्याची आरोळी एकदम मोठी वाटली.

"साक्षीदार आहे मी," बायको म्हणाली. "दुसरी मी," मुलगी म्हणाली.

मी टॅग काढला. आणि तोपर्यंत आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, ही शप्पथ. पण कुलूप तोडल्यावर आम्ही मशीन लगेच चालू करत नाही. आधी बघतो, तो काम कुठपर्यंत आणून गेलाय. तेवढंच मी केलं.

"दार उघडतं," मी म्हटलं. "आत लहानशी खोली. तेलाचा दिवा जळतोय. जमिनीवर पिवळं फडकं, त्यावर नट खोलायचे पाने लावून ठेवलेत, लहानापासून मोठ्यापर्यंत. एक स्टूल. शेजारी चहाचा ग्लास, वर बशी झाकलेली. भिंतीत काही तरी अर्धवट उघडलेलं आहे, काय ते अजून कळत नाही. काम चालू आहे. माणूस नाही."

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली माझी बायको. मुलीनं विचारलं, "चहा गरम आहे?"

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "फासा टाक."

तिनं टाकला. चार आले. वीसपैकी चार. मला खोटं बोलता आलं असतं.

"गार आहे," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "मी कशाला हात लावत नाही. दिव्यात तेल घालते. आणि येताना दार ओढून घेते, कुलूप न लावता."

खेळ तिथे संपला. शुक्रवारी ती गेली, जाताना टॅग घेऊन गेली, पुस्तक माझ्याकडे राहिलं. नवी आवृत्ती मी आणणार नाही.

तिला बसमध्ये बसवून आल्यावर ते पान उघडलं. त्याच्या रेघेखाली, लॉगबुकात लिहितो तसं लिहिलं : 'कुलूप काढले. साक्षीदार दोन. तो आल्यावर सांगणे.' पेन्सिलीनंच लिहिलंय. त्याला खोडायचं झालं तर खोडता यावं.