आवरलेली खोली

बदलापूरची ती केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. कागदोपत्री ती साधी ‘मिसिंग’ होती. गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. तरी निवृत्तीनंतर कुणी जुन्या केसेस विचारल्या की मला आधी सोनिवलीतली ती झोपायची खोली दिसते.

सोनिवलीत तेव्हा नव्या इमारती उभ्या राहत होत्या. दोन इमारतींच्या मध्ये अजून भाताचं शेत असायचं आणि पत्ता विचारला तर लोक ‘शेताच्या पलीकडची पिवळी बिल्डिंग’ असं सांगायचे. जीप थांबली की खालच्या मजल्यांवरच्या बायका गॅलरीत येऊन आपण विचारायच्या आधीच बोलायला लागायच्या. तपासाच्या दृष्टीने ते फार चांगले दिवस होते. आता त्याच इमारतींत शेजारचं नाव विचारलं तरी लोक मोबाइलमध्ये बघतात.

सकाळची हजेरी चालू असताना एक गृहस्थ ठाण्यात आले. अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. शर्ट इस्त्रीचा, पण बटणं एक घर चुकवून लावलेली. त्यांची वीस वर्षांची मुलगी आदल्या संध्याकाळी साडेसहाला घरातून बाहेर पडली होती, ती परत आली नव्हती. नातेवाईक, मैत्रिणी, सगळीकडे फोन करून झाले होते. ठाणे अंमलदाराने रजिस्टर उघडून वर्णन लिहून घेतलं.

“घरात काही भांडण?” मी विचारलं.

“छे छे, मॅडम. आमच्याकडे तसं वातावरण नाही.”

हे वाक्य मी सगळ्या प्रकारच्या वातावरणातल्या लोकांकडून ऐकलेलं आहे. पण बोलता बोलता त्यांनी मुलीचा फोटो दोनदा सरळ करून माझ्यापुढे ठेवला, म्हणून जास्त ताणलं नाही.

तो फोटो रिक्षा स्टँडवर फिरवल्यावर अर्ध्या तासात आमचा एक रिक्षावाला खबऱ्या धावत आला.

“मॅडम, काल सातच्या टायमाला बघितली हिला. नदीच्या रोडला चालत चालली होती. रडत होती. मी बोललो, बैस, सोडतो. तर बोलली, नको काका.”

“बरोबर कोण होतं?”

“कोणपण नाय. एकटीच.”

मी वडिलांना आणि एका महिला हवालदाराला घेऊन सोनिवली गाठली. माणूस बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसाठी राहतो आणि झोपायच्या खोलीत स्वतःसाठी, असं माझं अनुभवाचं मत होतं. उल्हासनगरला नवीन फौजदार असताना ‘गावाला गेलाय’ म्हणून सांगितलेल्या एका इसमाच्या खोलीत दारामागे ओला टॉवेल सापडला होता आणि इसम माळ्यावर. तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी उशी, दारामागचा खिळा आणि कपाटाचा खालचा कप्पा बघायची. या कौशल्याचा मला थोडा गर्वही होता.

मुलीची खोली बघितली आणि मी दारातच थांबले. पलंगावर एक सुरकुती नव्हती. पांघरुणाची चौकोनी घडी. बँकेच्या परीक्षांची पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. त्यांच्यावर मधोमध मोबाइल, शेजारी पर्स. चपलांचा एक जोड पलंगाखाली सरळ रेषेत. रागाने पळून जाणारी मुलगी कपाट उघडं टाकते आणि मोबाइल नेते. सगळं जागच्या जागी ठेवून, मोबाइल मागे सोडून जाणारी माणसं मी दोनदा पाहिली होती. दोन्ही वेळा आम्हाला उशीर झाला होता.

“ही आवरून गेलीय,” मी हवालदाराला हळूच म्हटलं. वायरलेसवरून एक टीम नदीकाठी पाठवली. वडिलांना मी काही सांगितलं नाही, पण ‘नदी’ हा शब्द त्यांनी ऐकला. ते होते तिथेच, चपलांच्या स्टँडवर बसले.

आमची हवालदार बदलापूर गावातली, शेतकऱ्याच्या घरची. ती तेवढ्यात गॅलरीत जाऊन आली.

“मॅडम, जरा इकडं या.”

दोरीवर चादर आणि उशीचा अभ्रा वाळत होते. चादरीतून अजून पाणी ठिबकत होतं.

“पोरगी काल सांजची गेली,” ती म्हणाली. “मंग ही चादर आज सकाळच्याला कोणी धुतली?”

मी आत वळले. मुलीची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात आमच्यासाठी केलेला चहा होता.

“ताई, खोली तुम्ही आवरलीत?”

“हो. हे ठाण्यावर गेले तेव्हा.”

“का?”

तिला माझा प्रश्नच कळला नाही. “अहो, पोलीस येणार म्हणजे चार माणसं घरात येणार. तिचा तो पसारा दाखवायचा का? लग्नाची मुलगी आहे. लोक काय म्हणतील?”

हवालदाराने कपाळावर हात मारला. मला हसावं की ओरडावं कळेना. अर्धा तास मी मुलीचा स्वभाव म्हणून जो वाचत होते, तो आईचा स्वभाव होता.

“आता एक काम करा,” मी म्हटलं. “पसारा परत करा. काल होता तसाच. घाई नको.”

“मुद्दाम पसारा करू?”

“सरकारी काम आहे म्हणून करा.”

सुरुवातीला ती संकोचाने एकेक वस्तू उचलत होती. मग तिचे हात भराभर चालायला लागले. त्या बाईला सगळं पाठ होतं. पुस्तकं एका कोपऱ्यात, त्यांच्यावर टॉवेल. उशी जमिनीवर, कारण मुलगी जमिनीवर झोपायची; पलंगावर कापडं पसरलेली असायची. पर्स दारामागच्या खिळ्याला, रिकामी; आतले पैसे मुलीने नेले होते. मोबाइल पलंगाखाली भिंतीला टेकून, चार्जिंग संपलेला. म्हणजे मुलीने तो ठेवला नव्हता, तिला तो मिळाला नव्हता. आवरताना भरून ठेवलेल्या पिशवीतून आईने टेप, पिवळा खडू, टाचण्यांचा डबा काढून अर्धगोलात मांडला. मांडता मांडता ती थांबली.

सगळ्या वस्तू एका रिकाम्या जागेभोवती होत्या.

“इथे काय होतं?” मी विचारलं.

तिने बाहेरच्या खोलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “मशीन. शिलाईचं. काल ह्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकलं. ती क्लासला गेली होती तेव्हा.”

मी वडिलांना आत बोलावलं. आता मात्र सरळ चौकशीच्या सुरात विचारलं, “मशीनचं का नाही सांगितलंत?”

“त्याचा काय संबंध, मॅडम? अभ्यास सोडून खिसे शिवत बसायची. आमच्या कॉलनीत लोक मला विचारतात, मुलगी काय करते. मी काय सांगू, टेलर आहे?”

“अहो, तिला मशीन कुठे दिलं ते सांगितलंत ना तुम्ही?” आई म्हणाली.

“तिने विचारलं म्हणून सांगितलं.”

“भंगारवाल्याचं दुकान कुठे आहे?”

“नदीच्या रोडला.”

म्हणजे मुलगी मशीन परत आणायला निघाली होती. मी आईला विचारलं, अजून काय काय उचललंत? ती रद्दीचा गठ्ठा घेऊन आली. त्यात वर्तमानपत्रातून कापलेले खिशांचे नमुने होते, जीन्सच्या मागच्या खिशांचे. प्रत्येकावर पेनाने वेगळी नक्षी. एकाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: ‘कॅम्प ४, डबल शिलाई पाहिजे.’

उल्हासनगरचा कॅम्प चार माझ्या तरुणपणाचा इलाका. तिथल्या गल्ल्यांत दिवसभर मशीनांचा इतका आवाज असायचा की फिर्यादीचा जबाब घ्यायला आम्ही त्याला चौकात आणायचो. मला त्या आवाजाची सवय झाली होती. बदली झाल्यावर काही दिवस शांतता नको वाटायची. जीन्सचे खिसे कुठल्या गल्लीत शिवतात ते मला माहीत होतं, जीप तिकडेच घेतली. तिसऱ्या कारखान्यात एक पन्नाशीची सिंधी बाई भेटली.

“कौन लडकी? इधर कोई लडकी नहीं आयी,” ती माझ्याकडे न बघताच म्हणाली.

मी आवाज चढवला नाही. तिच्या समोरच्या ढिगातला एक शिवलेला खिसा उचलला आणि कागदाचा नमुना त्याच्या शेजारी ठेवला. नक्षी तीच.

“अदी,” मी म्हटलं. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, हे मी त्याच गल्लीत शिकले. “उसकी माँ ने कल से कुछ खाया नहीं है. बाप समझता है लडकी नदी में गयी.”

तिने मशीनवरचा पाय काढला. “नदी में? हाय राम. वो तो बोली, घर पे किसी को फरक नहीं पडता.” मग माळ्याकडे तोंड करून ओरडली, “ए छोरी, नीचे आ! पुलिस है, पर अच्छीवाली है.”

मुलगी शिडीवरून खाली आली. मी आधी वायरलेसवरून नदीवरची टीम परत बोलावली. मग पाणी मागितलं.

ठाण्यात तिचा जबाब झाला. भंगारवाल्याचं दुकान बंद होतं, घरी परत जायचं नव्हतं, म्हणून ती जिथून काम घ्यायची तिथे गेली. सज्ञान होती, स्वखुशीने गेली होती. स्टेशन डायरीला ‘मिळून आली’ अशी नोंद झाली. वडील समोरच्या बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, “घरी येतेस ना?”

“मशीन आलं की येते.”

ते माझ्याकडे वळले. “मॅडम, भंगारवाल्याकडून परत आणायला काही अर्ज लागतो का?”

“नाही. तुम्ही स्वतः जायला लागतं.”

ते लगेच उठले. शर्टाची बटणं अजून तशीच होती.

आई मुलीजवळ सरकली. तिचा हात हातात घेतला आणि पदराच्या टोकाने नखांत बसलेला जीन्सचा निळा रंग घासायला लागली.

“ते निघत नाही, आई.”

आईने दोनदा घासलं. मग पदर सोडला. “राहू दे मग,” ती म्हणाली.

त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी शिकवलं, की कुणाचीही खोली बघण्याआधी तिथे शेवटचा हात कुणाचा फिरला ते विचारा. एवढं सोपं आहे, पण ते मला उशिरा कळलं. त्याहून उशिरा दुसरी गोष्ट कळली. तक्रार वडिलांनी दिली, प्रश्न मी वडिलांना विचारले, पंचनाम्याची तयारी वडिलांसमोर केली. मुलगी कुठल्या कुशीवर झोपते आणि टाचण्यांचा डबा कुठे ठेवते हे जिला माहीत होतं, घरातली ती सगळ्यात चांगली साक्षीदार तेव्हा आत आमच्यासाठी चहा करत होती, आणि मी तिला एवढंच सांगितलं होतं, की साखर कमी टाका.