'अजून माहीत नाही' म्हणणारी मावशी

दुसऱ्याला जखम झाली की जिचे डोळे चमकतात अशी बाई अख्ख्या मुंबईत एकच आहे, आणि ती माझी सख्खी मावशी आहे. नायगावच्या बीडीडी चाळीत राहून तिला शेजाऱ्यांची नावं पाठ नाहीत. "म्हणजे तो, दहीहंडीत डावं कोपर फुटलेला? छान भरलं हो ते!" असं ती म्हणते, आणि त्यातलं 'छान' असं उच्चारते की आपलंही कोपर एकदा फुटायला हवं होतं असं वाटावं. पर्समध्ये कंगवा नसेल, पण स्टीलची छोटी मोजपट्टी असतेच. चुलत बहिणीच्या साखरपुड्यात अंगठी घालताना नवऱ्या मुलाचं बोट सोललं, तेव्हा बायका फुंकर घालायला धावल्या आणि ही मोजपट्टी घेऊन. "हलू नका जावईबापू. चार मिलिमीटर."

परळच्या एका प्रयोगशाळेत तिने आयुष्य काढलं. झाडपाला आणि अळंब्या यांचे अर्क काढायचे आणि त्यांनी जखम लवकर भरते का ते पाहायचं, एवढंच काम. त्यामुळे तिला गुलमोहोर फुलांसाठी आवडत नाही. म्हाताऱ्या बुंध्याला लागणाऱ्या, लाखेचं पॉलिश केल्यासारख्या कडक अळंबीसाठी आवडतो. दादरच्या एका बागेत ती स्टुलावर चढून तशी अळंबी कापत होती, तेव्हा माळी ओरडत आला. "बाई, झाड मरायला टेकलंय, त्याला कशाला छळता?" "छळत नाही हो, विचारतेय," मावशी वरूनच म्हणाली, "जाता जाता आम्हाला काही देऊन जातोस का!" माळ्याने पुढे मुकाट्याने स्टूल धरलं.

गंमत म्हणजे घरात एवढा पाला असून ती कुणाच्या जखमेवर हळदसुद्धा लावू देत नाही. आमच्या कोकणातल्या घरांत खरचटलं की एकदांडीचा पाला चुरडून पिळायची रीत. मावशी मात्र माणसाला नळाखाली धरते, साबण लावते आणि डॉक्टरकडे पिटाळते. "मग तू इतकी वर्षं करतेस तरी काय?" मी एकदा चिडून विचारलं.

"बशीत कातडीच्या पेशी वाढवते, त्यांच्यावर एक रेघ ओढते, अर्क घालते आणि रेघ किती वेळात बुजते ते बघते."

"आणि बुजते?"

"त्या गुलमोहोराच्या अळंबीने लवकर बुजली." दूध उतू गेलं म्हणून सांगावं तितक्या सहज.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा गिरणी कामगार. संपातली जुनी पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले. अन्याय दिसला की आमच्या घरात आधी छापतात, मग जेवतात. एकीकडे महागड्या मलमांच्या कंपन्या, दुसरीकडे माझी मावशी, एवढं मला पुरेसं होतं. तिला न विचारता मी लालबागपासून नायगावपर्यंत लाल पत्रक वाटलं: 'गिरणगावच्या लेकीचा शोध! अळंबीने जखम भरते!'

आठवडाभरात मावशीच्या जिन्यात रांग लागली. रांगेत सगळ्यांत पुढे माझे बाबा. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची जखम महिनाभर चिघळत होती, आणि पत्रक वाचल्यापासून त्यांनी ड्रेसिंगला जाणं बंद केलं होतं. आम्हाला पत्ताच नव्हता. "गो बाय, औषध घरात आसा, मगे माका रोज हॉस्पिटलात कित्याक धाडतंस?" ते हसत मावशीला म्हणाले. मावशीने फडकं सोडलं, पाहिलं, आणि जखम पाहून तिचे डोळे पहिल्यांदाच चमकले नाहीत. "टॅक्सी बोलव," ती मला म्हणाली.

पाय वाचला. करंगळी गेली.

हॉस्पिटलच्या बाकावर मी रडत होते. मावशीने पाठीवरून हात फिरवला नाही. "रेघ बशीत बुजली होती, गो. बशीला मधुमेह नसतो. बशी अनवाणी चालत नाही." मग म्हणाली, "'भरते' जेवढ्या मोठ्या अक्षरांत छापलंस ना, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'अजून माहीत नाही' छाप."

असं पत्रक आमच्या घराण्यात कुणी काढलं नव्हतं. मी ते छापलं, मगच जेवले. मावशी माझ्याबरोबर दारोदार फिरली. रांगेतल्या प्रत्येकाला तिने बरोबर जखमेवरून ओळखलं आणि ज्यांनी ड्रेसिंग सोडलं होतं त्यांना स्वतः ड्रेसिंगला नेलं. मग रोज संध्याकाळी ती बाबांचा पाय मोजायला यायची. "आज दोन मिलिमीटर कमी, भावजी." बाबा म्हणायचे, "तुझा औषध येयपर्यंत माका नवीन करंगळी फुटतली!" दोघं हसायची. मी आत जाऊन चहा टाकायचे.

आता पुनर्विकासासाठी चाळ रिकामी होतेय. परवा तिच्या बरण्या खोक्यात भरताना मी विचारलं, "मावशी, तुझं औषध माणसांपर्यंत पोचणार कधी गं?"

"माझ्या हयातीत नाही बहुतेक," एका अळंबीवरची धूळ पुसत ती म्हणाली. "पुढच्याला उपयोगी पडावी म्हणून रेघ तेवढी सरळ ओढून ठेवते."

मी पुढची बरणी कागदात गुंडाळायला घेतली. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या बोटाकडे गेलं.

"कागदाने कापलं?"

"हो."

डोळे चमकले. मावशीने पर्स उघडली.