भरलेले गाल

लंकाबाई फटकळ म्हणून ओळखली जायची, आणि ती तशी होतीच. बहात्तरच्या दुष्काळात ती कर्जतजवळ खडी फोडायच्या कामावर होती. मुकादमाला सरळ करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. जीव मात्र राहीत अडकलेला. एकुलती एक लेक, सात वर्षांची.

प्यायला पाणी पुरेना, तिथं अंघोळ कुठली? पोरांना खरूज झाली. राहीच्या बोटांच्या बेचक्यांत पू धरला. लंकाबाईनं कडुनिंबाच्या पाण्यानं फोड धुतले, आणि ते वाळल्यावर साऱ्या कामावर मिरवून घेतलं.

पुढं दोन-तीन आठवड्यांत राहीचे गाल वर आले. शेजारी खडी फोडणारी बनुबाई म्हणाली, "लंके, पोरगी लई भरली गं. सुकडी मानवली तिला."

लंकाबाई हरखली. एवढ्या दुष्काळात आपल्या लेकीच्या अंगी लागतंय, याचा तिला कोण अभिमान! दुष्काळी कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे पौष्टिक गोड पीठ, वाटायचे; नवऱ्याच्या, आसारामच्या वाट्याचीही ती पोरीलाच चारू लागली.

मग एका सकाळी सुजेनं राहीचे डोळे उघडेनात. लघवी झाली ती कोऱ्या चहासारखी. पोरीला पाठुंगळी घेऊन लंकाबाईनं कर्जतचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी राहीच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला. हे बाळसं नव्हे, अंगात पाणी साठलंय, असं ते म्हणाले. खरजेतल्या जंतूंशी लढता लढता शरीरानं आपल्याच मूत्रपिंडांना इजा केली होती.

"पर खरूज तर कवाच बरी झाली," लंकाबाई म्हणाली.

"ती वाळल्यावरच हे येतं, बाई."

हे तिला काही केल्या पटेना. मीठ बंद झालं. अळणी भाकरी पोरीच्या घशाखाली उतरेना, म्हणून लंकाबाईनंही मीठ सोडलं. हळूहळू सूज उतरली आणि आतून हाडकुळी राही निघाली. आपण कशावर मिरवलो, या विचारानं लंकाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी बरी झाली म्हणून सांगितलं, तरी रोज सकाळी तिचा अंगठा लेकीच्या नडगीवर असायचाच.

पुढल्या साली पाऊस झाला, ज्वारी आली, घरात दूध आलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बनुबाई आली आणि राहीला बघून सहज म्हणाली, "लंके, पोरगी लई भरली गं."

लंकाबाईच्या हातातलं तिळगुळाचं ताट सुटलं. साऱ्या बायकांदेखत तिनं लेकीला खाली बसवलं, परकर वर सारला आणि नडगीवर अंगठा दाबला. उचलला. कातडी लगेच वर आली. दुसऱ्या पायावर दाबला. तिथंही खळगा राहिला नाही.

"आई, भूक लागती म्हनून खाते गं," राही घाबरून म्हणाली.

मुकादमाला रडवणारी लंकाबाई लेकीला पोटाशी धरून चारचौघींत ढसाढसा रडली.

"खा, माझे बाई," ती म्हणाली. "पोट भरून खा."