वितभर छप्पर

पडदा वर जातो तेव्हा पत्र्याची लांबलचक शेड दिसते. रेझिनचा उग्र वास नाकात झोंबतो, उन्हाच्या तिरिपेत काचतंतूंची धूळ नाचते, आणि मधोमध होडीच्या छपराचा साचा पालथ्या कासवासारखा पडलेला असतो. त्याच्यापुढे एक किडकिडीत म्हातारा. नाकपुड्या फुललेल्या. जन्मभर शिडाच्या होड्यांच्या वळणदार रेषा काढल्या, म्हणून सगळे त्याला वेलांटी म्हणतात.

"कुणी कापला हा?"

कोण कापणार! धंदा बघणारा मेहुणा.

"भावोजी, जरा ऐकून तर घ्या. गिऱ्हाईक आत शिरतं, कपाळ आपटतं, चोळत चोळत बाहेर पडतं ते कायमचंच. आता छप्पर वितभर वर घेतलंय. आतून जाड लाकडी अस्तर, वर बसायला कठडा. सहा फुटी माणूस ताठ उभा राहतो!"

"आणि होडी? ती ताठ राहते का रे, बृहस्पती?"

मुळात ही होडी कागदावर आली ती मागाहून. आधी वेलांटीने घराच्या बैठकीत होडीतल्या खोलीच्या मापाची पुठ्ठ्याची खोली उभारली आणि बायकोला आठवडाभर तिच्यात नांदवलं. ती आतच भाजी चिरायची, आतच झोपायची. कोपर लागलं की ओरडायची, "अहो, हे फडताळ हलवा!" आणि हा मुकाट्याने रेघ हलवायचा. छप्पर उंच करू का, असं त्याने एकदा विचारलं होतं.

"कशाला? बसून सगळं हाताशी येतं. उभं राहावंसं वाटलं तर बाहेर आकाश आहे की!"

छप्पर खुजं आणि हलकं, म्हणूनच तळाच्या कण्यात ओतलेलं शिसं तिला सरळ करायला पुरायचं. ती होडी कितीही कलंडली तरी तडक उठायची.

नव्या साच्यातली पहिली होडी धक्क्याला बांधलेली होती. वेलांटीने मेहुण्याला बखोट धरून तिथवर ओढत नेलं. डोलकाठीच्या शेंड्याला दोर बांधला, दोघांनी धक्क्यावरून खेचत काठी पाण्यापर्यंत आणली आणि सोडली.

होडी पडूनच राहिली. मग सुट्टीच्या दिवशी हाक मारलेल्या आळशासारखी, कण्हत कुथत, सावकाश वर आली.

"उठली की शेवटी!" मेहुण्याने सुस्कारा सोडला.

तेवढ्याने वेलांटीचा पारा चढला. "शेवटी? दुसरी लाट तुझ्या शेवटाची वाट बघत थांबणार आहे का? चल, बोलाव तुझ्या बायकोला. पोरींनाही आण. आत बसव सगळ्यांना. मी दोर ओढतो!"

मेहुण्याने फोन काढला. हातात धरला. पाण्याकडे पाहिलं आणि तो परत खिशात घातला.

वेलांटीने शेडमधून करवत आणली आणि नव्याकोऱ्या छपराला लावली. पांढरी धूळ उडून त्याच्या भुवयांवर बसली. मेहुणा कळवळला, पण करवतीला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

"भावोजी, अहो, ही होडी घेणारा माणूस संध्याकाळी बायकापोरांना घेऊन येतोय! त्याला सांगू तरी काय?"

"सांग, आत वाकावंच लागेल. नसेल जमत, तर बंगला बांध म्हणावं!"